बंकरचा खड्डा बुजवला अन् शाळेच्या दोन खोल्या धरल्या: डेपोजवळच्या एका गावाचं प्रकरण

सुरुवात एका बकरीपासून होते. जून २०२५, मृगाचा पहिला दणक्याचा पाऊस होऊन गेलेला. गावातल्या पोट्ट्यांनी मारुतीच्या देवळामागे जेसीबी लावून जो "बंकर" खंदला होता, म्हणजे पंधरा बाय वीसचा आठ फूट खोल खड्डाच, त्याच्या दोन बाजू रात्रीतून आत बसल्या, कमरेएवढं पाणी भरलं अन् सकाळी एका म्हातारीची बकरी त्यात पोहताना सापडली. बकरी जिवंत निघाली. पण म्हातारी ग्रामपंचायतीत येऊन बसली, "माही बकरी मेली असती तं पैसे कोन देल्ले असते?" आणि सरपंचबाईंनी मला फोन लावला. मी सिव्हिल डिप्लोमावाला, वर्धेला राहतो, साइट सुपरव्हिजनची कामं करतो, गाव माझंच, त्यामुळे गावाचा फुकटातला इंजिनिअर मीच.

गावाचं नाव नाही सांगत, पण पुलगावच्या दारूगोळा डेपोपासून सरळ रेषेत साधारण चार किलोमीटरवर आहे एवढं सांगितलं की पुरे. सगळं प्रकरण या चार किलोमीटरभोवतीच फिरतं.

खड्डा कशासाठी खंदला ते पण समजून घ्या. पहलगामचा अतिरेकी हल्ला झाल्यावर ७ मे २०२५ ला देशभर सिव्हिल डिफेन्सची मॉक ड्रिल ठरली, ऑपरेशन अभ्यास, २४४ सिव्हिल डिफेन्स जिल्हे वगैरे, टीव्हीवर दिवसभर सायरन आणि टेबलाखाली बसलेली शाळेची पोरं. गावच्या ग्रुपवर लगेच सुरू झालं की आपण तर डेपोच्या बाजूला, पहिला नंबर आपलाच. कोणीतरी जम्मूच्या बॉर्डरवरच्या बंकरचा व्हिडिओ टाकला. ते बंकर खरे आहेत, तिथं घरगुती बंकर १६० चौरस फुटाचा आठ माणसांसाठी आणि सामुदायिक ८०० चौरस फुटाचा चाळीस जणांसाठी, असा हिशोब सरकारनं धरलेला आहे. पण तिथं बॉर्डरपलीकडून गोळे पडत आलेत, आणि तो बंकर आरसीसीचा असतो. आपल्या पोट्ट्यांनी त्यातला फक्त "जमिनीत" एवढाच भाग उचलला अन् वर्गणी काढून जेसीबी बोलावला.

आता आपली जमीन. काळी, कापसाची, ओली झाली की फुगते अन् वाळली की भेगाळते, एप्रिल-मे मध्ये त्या भेगेत हात जातो हे शेतकऱ्याला मी काय सांगू. वरचे तीन-साडेतीन मीटर हा श्वास घेणारा थर. म्हणजे आठ फुटाचा खड्डा बरोबर त्या थराच्या पोटात. भिंत न बांधता सोडला तर बसणारच, आणि बांधली तरी फुगलेली माती त्या भिंतीला दर पावसाळ्यात बाजूनं ढकलत राहणार, वरून पाणी झिरपणार, आणि तळाला पंप ठेवला तर तो चालवायला लाइट पाहिजे. आपली लाइट वारा सुटला की जाते. खाली बंकर करणं अशक्य नाही, पण त्याला जाड आरसीसी भिंती, वॉटरप्रूफिंग, मुरमाचा भराव, निचरा असं सगळं लागतं आणि तो पैसा ग्रामपंचायतीकडे सात जन्मात नाही. मी म्हटलं आधी खड्डा बुजवा, मग बोलू. दोन दिवस पोट्टे माझ्याशी बोलले नाहीत.

मग आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसलो, सरपंचबाई, पोलीस पाटील, मोठे गुरुजी, आशाताई आणि ते रुसलेले पोट्टे. मी एकच विचारलं, तुम्हाला नेमकी भीती कशाची आहे? उत्तरं तीन आली. वरून बॉम्ब, डेपोचा स्फोट आणि, हे आशाताई बोलल्या, वीज. दरवर्षी या भागात माणसं विजेनं जातात, सोयाबीन सवंगताना, झाडाखाली थांबून. बॉम्बची चर्चा दोन तास झाली, विजेची दोन मिनिटं. असो.

डेपोचं मात्र सगळ्यांना माहीत होतं कारण ते पाहिलेलं आहे. ३१ मे २०१६, मध्यरात्र उलटून गेलेली, डेपोत आग लागली आणि मग स्फोट. विझवायला गेलेले अधिकारी आणि फायरवाले जवान त्यात गेले. आजूबाजूच्या गावांतली माणसं रात्रीच हलवली होती. मी तेव्हा गावातच होतो आणि खरं सांगतो, आभाळ लाल दिसलं तसं अख्खं गाव घराबाहेर येऊन रस्त्यावर उभं राहिलं, बायका कडेवर लेकरं घेऊन, आणि आम्ही सगळे तिकडे तोंड करून बघत होतो. मग तो आवाज आला. आमच्या घराचे कवेलू, म्हणजे कौलं, सरकले, शेजाऱ्याच्या खिडकीची तावदानं गेली. त्यानंतर नोव्हेंबर २०१८ ला जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, आणि जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या जवाहरनगर ऑर्डनन्स फॅक्टरीत. विदर्भातल्या माणसाला दारूगोळा म्हणजे टीव्हीवरची गोष्ट वाटत नाही.

इथे थोडं गणित, कारण पूर्ण डिझाइन यावरच ठरलं. स्फोटाचा दाब अंतरानुसार झपाट्यानं कमी होतो, आणि माल किती आहे त्याच्या घनमूळावर अंतर ठरतं. म्हणजे माल आठपट केला तर धोक्याचं अंतर आठपट होत नाही, दुप्पट होतं. राहत्या घरांसाठी जे सुरक्षित अंतर धरतात त्याचं सूत्र मालाच्या किलोच्या घनमूळाला २२.२ नं गुणायचं, उत्तर मीटरमध्ये. समजा एका लाख किलोचा माल एकदम उडाला, हा फक्त उदाहरणाचा आकडा, तर घनमूळ ४६ च्या वर, अंतर साधारण एक किलोमीटर. त्या अंतरावर दाब ५ किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे चांगलं घर पडत नाही पण दारं-खिडक्या, टिनं, कवेलू जातात. आमच्या चार किलोमीटरवर तो दाब एक किलोपास्कलच्या आसपास उरतो. ऐकायला काहीच नाही. पण अडीच बाय दोन फुटाच्या तावदानावर तो जवळजवळ पन्नास किलोचा धक्का आहे, आणि साडेतीन बाय सातच्या दारावर सव्वादोनशे किलोच्या वर. क्षणभरच, पण गंजलेली कडी उडायला क्षणच लागतो.

म्हणजे आमच्या गावात डेपोचा स्फोट माणसाला मारणार तो काचेनं, कवेलूनं, दगड ठेवून दाबलेल्या टिनानं अन् जुन्या मातीच्या भिंतीनं. आणि दुसरी गोष्ट, आवाज सेकंदाला ३४० मीटर चालतो, उजेड लगेच दिसतो. चार किलोमीटर म्हणजे जवळजवळ बारा सेकंद. वीज चमकली की पोरं एक-दोन-तीन मोजतात ना, तेच. त्या बारा सेकंदात माणूस काय करतो? खिडकीकडे जातो. २०१३ च्या फेब्रुवारीत रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली तेव्हा हेच झालं, झगमगाट बघून लोक खिडकीशी आले आणि मग दाबाची लाट आली, दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी, बहुतेक काचेनं. आमचं गाव २०१६ ला बाहेर उभं होतं म्हणून कवेलूखाली नव्हतं, हा निव्वळ योगायोग.

बॉम्बचं वेगळं. थेट पडला तर आपल्या बजेटमधलं काहीच टिकत नाही, ते सरळ सांगून टाकलं. बाजूला पडला तर कपच्या येतात, आणि कपच्यांसाठी दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये साडेतेरा इंची विटेची भिंत धरायचे. साडेतेरा इंच म्हणजे आपल्या मिस्त्रीच्या भाषेत दीड विटेची. हे ऐकल्यावर पोट्ट्यांचे चेहरे जरा खुलले, कारण दीड विटेची भिंत गावचा कोणताही मिस्त्री बांधतो.

मग इमारती शोधल्या. सगळ्यांचं पहिलं बोट मालगुजारांच्या वाड्याकडे. अडीच फुटाच्या भिंती, खाली तळघर, दिसायला किल्लाच. मी टॉर्च घेऊन आत गेलो. भिंती कपच्या थांबवतील यात शंका नाही. पण वर सागवानी आढ्यांवर दीड-दोन फूट माती अन् त्या आढ्यांना वाळवी, बोट घातलं तर भुसा. असं छत दाबाच्या धक्क्यानं खाली आलं की खालच्यांना काढायला परत जेसीबीच लागतो. तळघराला एकच जिना, ओल, आणि एक भला मोठा धामण साप, त्याला आम्ही राहू दिलं. जाड भिंत बघून हुरळायचं नाही, आधी डोक्यावर काय आहे ते बघायचं, हे मी त्या दिवशी पोट्ट्यांना दाखवून सांगितलं आणि तेवढं त्यांना पटलं.

सोसायटीचं गोदाम काळ्या दगडाचं, पक्कं, पण वर टिनं आणि आत युरियाची पोती अन् कीटकनाशकाच्या बाटल्या. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी गेले ते कोणी विसरलं नाही. असल्या खोलीत दार लावून माणसं बसवायची नाहीत, विषय संपला. गुरुदेव सेवा मंडळाचं प्रार्थना मंदिर मोठं, पण तिन्ही बाजूंनी काचा आणि चाळीस फुटाचं टिनाचं शेड. त्याचा फक्त भोंगा घेतला, तो मात्र फार कामाचा निघाला.

राहिली जिल्हा परिषदेची शाळा. जुन्या चार खोल्या कवेलूच्या, त्या सोडल्या. मागच्या बाजूला नवीन तीन खोल्या, स्लॅबच्या, आरसीसी कॉलम, नऊ इंची भिंती, त्यातल्या मधली अन् पूर्वेची अशा दोन धरल्या. प्रत्येकी अठरा बाय चोवीस, मिळून ८६४ चौरस फूट. जम्मूच्या हिशोबानं त्रेचाळीस माणसं. दाटीवाटीनं दोन-तीन तास बसायचं असेल तर माणशी सात फूट धरून एकशेवीस. गाव अकराशेचं.

इथे सरपंचबाई म्हणाल्या, "मग बाकीच्यायनं काय करावं जी?" आणि हाच खरा प्रश्न होता. त्यावर आम्ही जे ठरवलं ते मला अजूनही शाळेच्या कामापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. आशाताई आणि पोट्ट्यांनी मिळून २१२ घरं फिरली, प्रत्येक घरात एकच बघायचं, डोक्यावर स्लॅब असलेली, डेपोकडे खिडकी नसलेली एखादी खोली आहे का. ज्यांच्या घरात आहे त्यांना तीच खोली दाखवून दिली, खडूनं दारावर खूण केली, त्यांनी शाळेत यायचंच नाही. शेजारच्या कवेलूवाल्या घराला त्या खोलीत कोण घेणार तेही तिथंच ठरवलं, त्यात दोन घरांचं जुनं भांडण निघालं ते पोलीस पाटलांनी मिटवलं, मिटवलं म्हणजे तात्पुरतं. शाळा उरली फक्त त्यांच्यासाठी ज्यांच्या आसपास काहीच नाही, ती शंभरेक माणसं. काही घरांत खोली बरोबर होती पण कापसानं छतापर्यंत भरलेली. कापूस, शेजारी कुटाराचा ढीग, वर ठिणगी, मग आडोसा कसला. त्यांना म्हटलं कापूस दुसऱ्या खोलीत, तर उत्तर आलं भाव वाढला की विकू. मी गप्प बसलो, कापसाच्या भावावर मी कोण बोलणार.

आता शाळेचं काम. मोठ्या गुरुजींची एकच अट होती, शाळा शाळाच राहिली पाहिजे, खिडक्या विटांनी बुजवून माझ्या लेकरांना अंधारात बसवायचं नाही. ही अट मला आधी अडचण वाटली, नंतर कळलं तीच बरोबर होती, कारण रोज वापरात नसलेली जागा दोन वर्षांत भंगार ठेवायची खोली होते. ओडिशानं १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर किनाऱ्यावर जे निवारे बांधले त्यातले कितीतरी एरवी शाळा म्हणून चालतात ते उगाच नाही.

काचा सगळ्या काढल्या. कोणीतरी म्हणालं टेपची फुली मारू, आजी सांगायची ७१ च्या लढाईत कागद चिकटवायचे. टेपनं काच फुटायची थांबत नाही, फारतर मोठे तुकडे टेपला लटकतात आणि मोठा तुकडा अंगावर आला तर तो जास्त वाईट. काचेऐवजी आत मच्छरजाळी अन् बाहेर वेल्डिंगवाल्याकडून अँगलच्या फ्रेमवर सोळा गेज पत्र्याच्या झडपा, बाहेर उघडणाऱ्या. बाहेर उघडणाऱ्या का, तर धक्का बाहेरून आला की झडप आपल्याच चौकटीवर दाबली जाते, कडीवर भार येत नाही. दारंही तशीच बाहेर उघडणारी केली. पण बाहेर उघडणाऱ्या दारासमोर मलबा पडला तर? म्हणून पूर्वेच्या खोलीच्या एका खिडकीची जाळी बोल्टवर बसवली, आतून पान्यानं काढता येते, पान्याला सुतळी बांधून तिथेच लटकवला. तो पाना आजपर्यंत दोनदा चोरीला गेला.

दारासमोर अन् डेपोकडच्या खिडक्यांसमोर आडव्या भिंती, दीड विटेच्या, इमारतीपासून तीन फूट सोडून, दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट जास्त. हवा वळून येते, माणूस वळून जातो, कपची सरळच चालते म्हणून भिंतीत अडकते. एवढी साधी गोष्ट. आणि इथेच माझी चूक झाली. जुलैत घाई केली, मिस्त्री म्हणाला दोन फूट पाया बस झाला, मी साइटवर दुसरीकडे होतो, फोनवरच हो म्हटलं. पोळ्याला गावात आलो तर दारासमोरची भिंत शाळेकडे ओणवी झालेली, ओळंबा लावला तर सहा फुटात पावणेदोन इंच. ज्या भिंतीनं लेकरांना वाचवायचं तीच लेकरांवर पडायच्या बेतात. त्याच दिवशी पाडली. दोष मिस्त्रीला देऊन मोकळा होऊ शकलो असतो, पण काळ्या मातीवर दोन फूट पाया ही गोष्ट मला माहीत नव्हती असं मी कोणत्या तोंडानं म्हणू. दिवाळीनंतर जमीन वाळल्यावर परत केलं, चार फूट खंदून काळी माती बाहेर, मुरूम थराथरानं पाणी मारून कुटलेला, त्यावर काँक्रीटचा पट्टा, मग भिंत. आणि इमारतीच्या भिंतीला कुठेच जोडली नाही, तिला हलायचं तर तिनं एकटीनं हलावं.

स्लॅबवरून मोठा वाद झाला. पोट्ट्यांना वर मुरमाची पोती रचायची होती, सिनेमात असते तशी. मी वहीत मांडून दाखवलं. जिना नसलेल्या छतावर डिझाइनमध्ये चौरस मीटरला ७५ किलोचा वापरभार धरतात, जिना असेल तर १५० चा. एक फूट ओल्या मुरमाचं वजन चौरस मीटरला साडेपाचशेच्या घरात. म्हणजे सातपट. बॉम्ब राहिला बाजूला, पोत्यांनीच छत खाली आलं असतं. वर काहीही ठेवायचं नाही. उलट आतून स्लॅबचे फुगलेले पोपडे हातोडीनं पाडले, तिथे कोंबडीजाळी खिळून परत प्लास्टर केलं, पंख्यांचे हूक तपासले, त्यात एक हूक नुसता प्लास्टरमध्ये अडकलेला निघाला, त्याच्याखाली तिसरी-चौथीची पोरं बसायची. भिंतीजवळची लोखंडी कपाटं भिंतीला क्लॅम्पनं बांधली. या कामाला पैसा जवळजवळ लागलाच नाही.

मग उकाडा. सगळ्यांना वाटतं बंद खोली म्हणजे सुरक्षित. एकशेवीस माणसं नुसती बसली तरी माणशी शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतात, म्हणजे बारा किलोवॅट, सहा गीझर एकदम लावल्यासारखे, आणि बाहेर मे महिन्याचे पंचेचाळीस. शिवाय श्वास, माणशी तासाला वीसेक लिटर कार्बन डायऑक्साइड, आमच्या दोन खोल्यांत झडपा घट्ट लावल्या तर एका तासात हवेत एक टक्का. दोन-तीन टक्क्यांना डोकं ठणकायला लागतं, धाप लागते. पण त्याच्या आधीच म्हातारी माणसं उकाड्यानं पडतील. म्हणून छताखालचे झरोके उघडेच ठेवले, फक्त बाहेरून विटांची खोपी करून आडोसा दिला, आणि दक्षिणेच्या झडपा धक्का येऊन गेल्यावर लगेच उघडायच्या असं ठरलं. छताला वरून चुना मारला. त्याचा फायदा रोजच्या वर्गाला झाला, गुरुजी खूश.

पाण्याच्या दोन टाक्या व्हरांड्यात, संडास शाळेचाच, त्याकडे जायची वाट आडव्या भिंतीच्या आतून. परवानगीसाठी पंचायत समितीत चार चकरा, ते सांगत बसत नाही. खर्च ग्रामपंचायत, वर्गणी आणि श्रमदान मिळून झाला, ओणव्या भिंतीचा खर्च मी भरला.

पहिली तालीम डिसेंबरात घेतली, संध्याकाळी, भोंगा वाजवून. पूर्ण फसली. भोंगा वाजला तसा लोकांनी आधी प्रार्थना मंदिराकडे धाव घेतली, भोंगा तिथेच असतो म्हणून. शाळेचं कुलूप लागलेलं, चाबी गुरुजींकडे, गुरुजी आर्वीला लग्नाला. शेवटचा माणूस आत यायला चोवीस मिनिटं. आणि एक आजोबा आलेच नाहीत, "ढोरं कोन पाहीन? ढोरं सोडून मी नाई येत." त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांचं बरोबर होतं, बैलजोडी म्हणजे त्यांचं घर. मग ठरवलं की आग दिसली तर ढोरं गोठ्यातून सोडून द्यायची, दावं कापायचं नाही तर एका ओढ्यात सुटेल अशी गाठ मारून ठेवायची, आणि आजोबांनी ही गाठ गावातल्या सगळ्यांना शिकवली. दुसऱ्या तालमीला ते सगळ्यात आधी शाळेत.

दुसरी तालीम वेगळी केली. भोंगाच नाही. रात्री आठला डेपोच्या दिशेच्या शेतात एका पोट्ट्यानं वेल्डिंग पेटवलं, लख्ख उजेड, आणि मी बारा मोजून प्रार्थना मंदिरातून ढोल बडवला. नियम एकच सांगून ठेवला होता, उजेड दिसला की जिथं आहे तिथं खिडकीपासून लांब, भिंतीच्या बुडाशी, तोंड खाली, बारा मोजायचे. आणि आवाज झाल्यावर मग शाळेत किंवा खूण केलेल्या खोलीत, कारण पहिल्या स्फोटामागे दुसरा येतो. मोठ्यांपैकी निम्मे दारात येऊन बघत होते. पोरं मात्र सगळी भुईवर, मोठ्यानं मोजत होती, आणि एक पोरगी बापाला ओरडत होती, "बाबा, खाली बसा नं!"

चाब्या आता तीन आहेत. एक गुरुजींकडे, एक आशाताईंकडे, एक शाळेसमोरच्या पानठेल्यावर, कारण ठेला रात्री अकरापर्यंत उघडा असतो. जिल्ह्याच्या साहेबांना ही तिसरी चाबी पसंत नाही.

वापर कशासाठी झाला म्हणाल तर काम अर्धवट होतं तेव्हाच, परतीच्या पावसात. सोयाबीन सवंगायला गेलेल्या पंधरा-सोळा बाया विजा कडाडायला लागल्यावर शेतातल्या पळसाखाली न थांबता शाळेत पळत आल्या, ओल्या, लुगड्याचा ओचा डोक्यावर घेतलेला. आडवी भिंत तेव्हा पाडलेली होती, झडपा यायच्या होत्या. स्लॅबची खोली अन् उघडं दार, तेवढं पुरलं. आशाताईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

एक गोष्ट राहिली आहे. पूर्वेच्या खोलीच्या कोपऱ्यात जोत्यापासून वर तिरपी भेग आहे, काळ्या मातीची जुनी देणगी. ती वाढतेय की थांबली हे बघायला मी तिच्यावर काचेची पातळ पट्टी सिमेंटनं आडवी चिकटवून तारीख लिहून ठेवली आहे, भेग हलली तर पट्टी तडकते. अख्ख्या इमारतीतली काच काढून ही एवढी एकच ठेवली, म्हणून गुरुजी चिडवतात. पट्टीला एक हिवाळा झाला, अजून शाबूत आहे. पण खरी परीक्षा जमीन पूर्ण वाळल्यावर आणि मग पहिल्या पावसानं फुगल्यावर, म्हणजे मेच्या शेवटी एकदा अन् मृगानंतर एकदा जाऊन बघायचं आहे. तडकली तर ती खोली सोडावी लागेल आणि पश्चिमेची धरावी लागेल, तिच्यात सध्या खिचडीचे तांदूळ आहेत.